ग्रहणातली भेंडी

माझ्या मावसभावाला, दादाला, जन्मापासून ऐकू येत नाही. सुट्टीत पेडगावला गेले की आम्ही हातवाऱ्यांनीच भांडायचो. माझी खूण म्हणजे दोन वेण्या ओढणं, माझ्या आईची म्हणजे चहाचा भुरका. आज मी माणसाच्या जनुकांवर काम करते, मोठ्या सभांमध्ये बोलते, पण इतकं पोटभर बोलणं पुन्हा कुणाशी झालं नाही. ते दिवस फार आठवतात.

त्याला ऐकू का येत नाही, याचं उत्तर घरात ठरलेलं होतं. मावशीनं पोटुशी असताना ग्रहणात विळीवर भेंडी चिरली. सांगणार मावशीची सासू. सासू म्हणजे तिची सख्खी आत्या; मामाची पोरगी करायची आमच्याकडं रीतच. पाहुणा टेकून पाणी प्यायला की भेंडी सुरू. मावशी मान खाली घालून भाकरी थापायची. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. खरं सांगते, त्या रागानंच मला या विषयाकडं नेलं.

पुढं बहिरेपणावरच संशोधन करताना सगळ्यांच्या राजीखुशीनं घरच्यांचं रक्त तपासलं. निकाल सांगायला मी स्वतः पेडगावला गेले. मावशी ओसरीत तूर पाखडत होती.

"मावशे, भेंडीचा काही संबंध न्हाई. एक बिघडलेलं जनुक तुझ्याकडून आलं, एक काकांकडून. दोन्ही एकत्र आली म्हणून दादाला ऐकू येत न्हाई."

सूप थांबलं. "दोघांत येकच बिघाड कसा?"

"मूळ घर एकच ना. तुझ्यात तुझ्या बापाकडून आला, काकांत त्यांच्या आईकडून."

"म्हंजे आत्याबाईकडून?"

"व्हय."

मावशी खूप वेळ रडली. मला वाटलं, आता उठेल आणि सासूला चांगली सुनावेल. मला ते ऐकायचंच होतं.

पदरानं तोंड पुसून ती म्हणाली, "तिला सांगू नको गं. लय थकलीय. या वयात ह्ये घिऊन कुटं जाईल ती?"

तेवढ्यात आतून सासूचा आवाज आला. दिवस गेलेल्या शेजारणीला ती बजावत होती, "गिरानात विळीला हात लावू नको बाई. आमच्या हिनं लावला, बघ काय झालं."

मावशी माझ्याकडं बघून हसली.

"व्हय आत्याबाई, चुकलंच माजं," ती मोठ्यानं म्हणाली आणि तूर पाखडायला लागली.