चंद्रीचा शेपटा

माझ्या आजेसासऱ्यांनी आयुष्यात माणसांच्या तोंडांपेक्षा जनावरांच्या शेपट्या जास्त बघितल्यात. विठ्ठलआजोबा आमच्याबरोबर डोंबिवलीत राहतात, चौथ्या मजल्यावर, जिथे जनावर म्हणाल तर पाली आणि कबुतरं. पण जेवायला बसले की त्यांची गावची सगळी मंडळी ताटाभोवती गोळा होते. कपिला गाय, जी धार काढताना नेमका शेणाने भरलेला शेपटीचा गोंडा तोंडावर मारायची. पवळ्या बैल, जो डोकं फिरलं की शेपूट पाठीवर टाकून गावभर उधळायचा. एक बोका होता, तो आरशात बघून शेपूट फुगवायचा आणि मग स्वतःच पळून जायचा. पण या सगळ्यांत मानाचा पाट चंद्री म्हशीचा.

आजोबांचं गाव कल्याणच्या पुढे, उल्हास नदीकाठी. लहानपणी ते म्हशी चरायला पलीकडच्या तीराला न्यायचे आणि नदी ओलांडायची ती म्हशीचा शेपटा धरून. एकदा अचानक पाणी चढलं. बाकीच्या म्हशी गांगरून माघारी फिरल्या, आजोबांचे पाय तर केव्हाच तळापासून सुटलेले. चंद्री मात्र नाक वर काढून सरळ पोहत राहिली आणि तिच्या शेपट्याला दोन्ही हातांनी लटकलेले आजोबा काठाला लागले. तेव्हापासून शेपटा हा शब्द ते देवाचं नाव घेतल्यासारखा घेतात.

हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर माझं लग्न मोडायची वेळ आली नसती.

सुशांत आणि मी आमचं ठरवलेलं. पण त्याला आजोबांनीच वाढवलेलं. त्यांचा होकार आला तर लग्न, नाहीतर नाही, असं त्याने सरळ सांगितलेलं. मला या अटीचाच राग आलेला. अर्थात राग मला कशाचाही येतो, असं माझी आई म्हणते.

तर आजोबा ठाण्याला आमच्या नौपाड्याच्या घरी मला बघायला आले. पोहे पुढे ठेवले, तेवढ्यात आमचा कुत्रा लाडू येऊन त्यांच्या पायाशी बसला. लाडूला शेपटी नाही. पिल्लू असताना खोपटच्या डेपोबाहेर रिक्षाच्या चाकाखाली गेली, आता नुसता बोटभर बुडखा उरलाय. आजोबा त्या बुडख्यावरून हात फिरवत चुकचुकत होते. आईचं लक्ष तिकडे नव्हतंच. मी नुकतेच केस कानापर्यंत कापून घेतलेले आणि पाहुण्यांसमोर हे कसं सावरायचं, या काळजीत ती सकाळपासून होती.

"काय सांगू आजोबा," ती म्हणाली, "काय सुंदर लांबसडक शेपटा होता. टाकला कापून."

आजोबांचा हात थांबला. "मुद्दाम कापला?"

"मुद्दामच तर. उन्हाळ्यात उकडतं म्हणे."

"अहो, मुका जीव तो."

"मुका?" आई हसली. "तोंड बंद असतं का दिवसभर? शेजाऱ्यांना विचारा. एक मात्र बरं झालं, घरभर केस पडायचे थांबले."

आजोबा उठले. त्यांनी टोपी नीट केली. "सुशांत, चल. ज्या घरात हौसेनं शेपटा कापतात, तिथं आपली सोयरीक नाय."

सुशांत अर्धवट उठला. आणि माझं डोकं सटकलं.

"आजोबा, शेपटा माझा होता आणि मी कापला," मी म्हटलं. "उद्या मनात आलं तर टक्कल करीन. तेवढ्यावरून लग्न मोडायचं तर खुशाल मोडा. पण पोहे संपवून जा, मी स्वतः केलेत."

आजोबांनी माझ्या डोक्याकडे बघितलं, मग लाडूच्या मागच्या बाजूकडे, मग परत माझ्याकडे. "म्हंजे केसांचा शेपटा?"

"मग काय कुत्र्याचा?" आई म्हणाली.

आजोबा मटकन खाली बसले आणि जे हसायला लागले ते थांबेचनात. शेवटी ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. मी लाडूची रिक्षाची हकीकत सांगितली तेव्हा त्यांनी त्याला जवळ ओढलं आणि आपल्या बशीतले अर्धे पोहे त्याला घातले.

"पोरगी लाथ मारते," ते सुशांतला म्हणाले, "पण मागं फिरणारी नाय. आमची चंद्री अशीच होती. आता उशीर नको करू."

चंद्री कोण हे कळल्यावर आई किती तरी दिवस धुमसत होती, माझ्या पोरीला म्हैस म्हणाले म्हणून. मला त्याच संध्याकाळी तलावपाळीवर सुशांतने नदीची गोष्ट सांगितली. मला रडू आलं, आणि मला सहसा रडू येत नाही.

आता आजोबांना फारसं दिसत नाही. संध्याकाळी आम्ही दोघं भाजी आणायला निघतो तेव्हा रस्त्यावर रिक्षांची ही गर्दी असते. मी हात पुढे केला तर ते धरत नाहीत. केस माझे अजून कानापर्यंतच आहेत, म्हणून ते माझ्या ओढणीचं टोक दोन्ही हातांनी घट्ट धरतात आणि म्हणतात, "चल, चंद्रे."

मी नाक वर काढते आणि सरळ चालायला लागते.