फौजदारबाईंची सर्दी

वृद्धाश्रमातल्या अकरा म्हाताऱ्यांची देखभाल करणाऱ्या बाईंना सगळे फौजदारबाई म्हणत, तेही तोंडावर. दूधवाल्याच्या कॅनमध्ये हात घालून बघणं, औषधाच्या पाकिटावरची तारीख दोनदा वाचणं, पाहुण्याच्या पिशवीत डोकावणं, हे त्यांचं रोजचंच. महासाथीच्या वर्षी त्यांनी तीन माणसं गमावली होती. दुधाने तोंड पोळलं होतं, आता त्या ताकही फुंकून पीत.

त्या हिवाळ्यात चार-पाच जण खोकू लागले. खिडकीजवळच्या खाटेवरचे गुरुजी तर धापच टाकायला लागले. त्यांना इस्पितळात हलवलं. दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकांनी फोन ठेवला आणि म्हणाले, "बाई, रिपोर्टात कोरोना आलाय."

बाईंच्या मनात लगेच पाल चुकचुकली. आश्रमात आणला कोणी?

गुरुजींचा मुलगा तीन महिने फिरकला नव्हता. स्वयंपाकीण ठणठणीत होती. उरला न्हावी. दर मंगळवारी दहा घरं करून यायचा आणि म्हाताऱ्यांच्या तोंडाशी तोंड नेऊन दाढी करायचा.

बाईंनी त्याला फाटकातच, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर गाठलं. "मागच्या आठवड्यात घशाला काही झालं होतं?"

"नाही ताई."

"घरात कोणी आजारी?"

"कोणी नाही."

"आजारी माणूस असंच म्हणतो. परत येऊ नकोस."

न्हाव्याने पेटी उचलली. "आठ वर्षं येतोय, ताई," एवढंच म्हणाला आणि गेला.

संध्याकाळी डॉक्टरांचा निरोप आला, की हा त्या साथीचा विषाणू नव्हे, त्याच कुळातला सर्दीचा जुना विषाणू आहे. बाईंना हे काही पटेना. साधी सर्दी माणसाला ऑक्सिजनवर नेते का? नक्की कोणीतरी झाकपाक करतंय! सकाळी रिपोर्ट घेऊन त्या थेट प्रयोगशाळेत धडकल्या.

तिथली तंत्रज्ञ मुलगी चष्मा पुसत म्हणाली, "मावशी, माणसाला होणारे कोरोना सात आहेत. तीन घातक निघाले. त्यातलाच एक महासाथीचा. बाकीचे चार कधीचे आपल्यात आहेत. तुम्हा-आम्हाला नाक गळण्यापलीकडे सहसा काही करत नाहीत. पण ऐंशीच्या माणसाच्या छातीत उतरले तर न्यूमोनिया होऊ शकतो."

"मग आणला कोणी?"

"ते या कागदावरून नाही कळत. पण गुरुजी आजारी पडायच्या चार-पाच दिवस आधी आश्रमात सर्दी कोणाला होती?"

बाई उत्तर द्यायला गेल्या आणि थांबल्या. गुरुजी खोकू लागले त्याच्या आधीच्या गुरुवारी सकाळपासून त्यांनाच शिंका येत होत्या. नाकाला पदर लावून त्यांनी गुरुजींना चमच्याने भात भरवला होता. 'साधी सर्दी तर आहे,' असं स्वतःशीच म्हटलं होतं. साऱ्या जगाची झडती घेतली आणि स्वतःला मात्र बिनचौकशी आत सोडलं.

"म्हणजे मीच?" त्यांनी विचारलं.

"असेल, नसेलही," मुलगी म्हणाली. "सिद्ध करता येणार नाही."

परतताना बाई न्हाव्याच्या दुकानात गेल्या. गिऱ्हाईक खुर्चीत होतं, तरी त्या बोलल्या. "दादा, चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी. सर्दी मला होती."

न्हाव्याची कात्री थांबली. "चारचौघांत हाकललंत, ताई."

"म्हणून चारचौघांत सांगतेय."

त्याने वळून पुन्हा केस कापायला घेतले. दोन मंगळवार गेले, तरी आला नाही. तिसऱ्याला आला, पण पहिल्यासारखा गप्पा मारत बसला नाही.

गुरुजी सतरा दिवसांनी परतले. फार खंगले होते, पण चालत आले. बाईंनी त्यांनाही सगळं सांगितलं. ते म्हणाले, "माझा एकही विद्यार्थी न विचारता असं कबूल करत नव्हता. बसा आता, पेपर वाचून दाखवा."

पुढच्या हिवाळ्यात बाईंना दोनदा सर्दी झाली. दोन्ही वेळा त्या आश्रमात न येता आपल्या घरीच राहिल्या. रजेवरून व्यवस्थापक कुरकुरले, पण बाईंनी त्यांना जुमानलं नाही.