कापलेली डावी बाजू

फोटोची चौकट कशी धरायची ते मी काकांकडून शिकले. काका म्हणजे बाबांचे रेल्वेतले जुने मित्र, रिटायर झाल्यावर कॅमेरा घेऊन फिरणारे. दोन वर्षं दर रविवारी मी माधव नगरात त्यांच्या गच्चीवर जात होते. सुरुवातीला त्यांनी पुठ्ठ्यात एक खिडकी कापून हातात दिली. "महिनाभर कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. यातून बघ, आणि काय बाहेर ठेवायचं ते ठरव." फार कंटाळा यायचा. पण हळूहळू कळायला लागलं, की माणूस मधोमध उभा केला की फोटो निर्जीव होतो, आणि जरा बाजूला सरकवला की रिकामी जागाही बोलते.

मग एकदा मी एकटीच, हिंदी मुलखातल्या आमच्या शहराच्या टोकाला असलेल्या भैरवगढ़ला गेले. तिथे कापडावर लाकडी ठप्पे मारणारे एक म्हातारे कारागीर होते. मागे वाळत घातलेल्या लाल चादरींच्या रांगा आणि डाव्या कोपऱ्यात ते, ठप्पा उचललेला. काका तो फोटो बराच वेळ बघत राहिले. "मला पाठवून ठेव, जरा रंग बघतो," म्हणाले.

पुढे शहरातल्या एका प्रदर्शनात तोच फोटो भिंतीवर दिसला. खाली काकांचं नाव. आणि ते म्हातारे नव्हतेच. डावी बाजू कापून नुसत्या चादरी ठेवल्या होत्या.

काका शेजारीच चहा पीत उभे होते. "काका, हा माझा फोटो आहे ना?"

ते दचकलेसुद्धा नाहीत. "अगं, नजर कुणी दिली तुला? आणि तो माणूस उगाच लक्ष खेचत होता."

"पण नाव?"

"घर की बात है, बेटा," ते इकडेतिकडे बघत हळूच म्हणाले. "इथे तमाशा नको."

मी तमाशा केला नाही. त्याचाच राग अजून येतो. घरी सांगितलं, तर बाबा म्हणाले, "जाऊ दे, एवढं शिकवलं त्यांनी." ते जास्त लागलं.

मूळ फोटो मोठा करून मी भैरवगढ़ला नेऊन दिला. म्हाताऱ्यांनी चष्मा लावून पाहिला. "दीदी, हम तो एकदम कोने में हैं!" ते हसले, आणि सुनेला हाक मारून त्यांनी खिळा मागवला.

काकांचे फोन मी घेत नाही. मग ते बाबांना करतात. मी समोरच बसलेली असते आणि बाबा सांगतात, "नाही हो, तिला हल्ली वेळच मिळत नाही."