मंजुळाबाईंनी कापू न दिलेलं झाड

मंजुळाबाई गेल्याचं मला तेराव्यानंतर कळलं. त्यांची मुलगी सविता पूर्णा गावातल्या गोदामात पॅकिंगला असते. शिफ्ट सुटल्यावर तिने फोन केला. "आई गेली. तुम्हाला सांगायला पाहिजे, असं वाटलं," एवढंच म्हणाली. मलाच का, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं...

वीसेक वर्षांपूर्वी पडघ्याच्या पुढे एका खासगी कंपनीने लाकडासाठी ऑस्ट्रेलियन बाभळीचं रान लावलं होतं. मी तिथला व्यवस्थापक आणि मंजुळाबाई मजूर बायांच्या मुकादम. कोयत्याची पाठ खोडावर हलकेच मारून त्या कान लावायच्या आणि झाड आतून कसं आहे ते सांगायच्या. मी थट्टेने त्यांना डॉक्टरीणबाई म्हणायचो. "डाक्तरीन म्हनता, पन औषद कुठं घेता?" त्या म्हणायच्या.

एका श्रावणात कंपनीचे मोठे साहेब पाहणीला येणार होते. रान सुबक दिसावं म्हणून मी खालच्या फांद्या छाटायला सांगितल्या. मंजुळाबाई अडून बसल्या. "पान्याच्या दिसात कापू नका, सायेब. जखम सुकत न्हाय, बुरशी आत शिरते. थंडीत कापू." मी ऐकलं नाही. त्यांनी बायांना कामाला लावलं, पण कोपऱ्यातल्या शेवटच्या झाडाला पाठ लावून उभ्या राहिल्या. "ह्याला न्हाय." मी हसून सोडून दिलं.

दोन-तीन वर्षांत छाटलेल्या जागी खोडं काळी पडून झरू लागली, त्यांवर कानासारखी बुरशी उगवली. झाड तोडलं की गाभा बोटाने उकरता येईल इतका मऊ निघायचा. कंपनीने कारण विचारलं. मी अहवालात लिहिलं की मुकादमाने छाटणी चुकीच्या पद्धतीने केली. छाटणीचा महिना लिहिला नाही. मंजुळाबाईंचं काम गेलं आणि त्यांच्या पाड्यावर लोक त्यांना 'रान मारणारी' म्हणू लागले. त्या जाब विचारायला एकदाही आल्या नाहीत. आल्या असत्या तर मी कबूल केलं असतं, अशी स्वतःची समजूत घालत राहिलो... तेही खोटंच. केलं नसतं.

फोननंतर मी सविताला भेटून सगळं सांगितलं. ती भांडली नाही. म्हणाली, "मला सांगून काय होणार? आईचं नाव तुम्ही लिहून घालवलंत, लिहूनच परत आणा."

म्हणून लिहितो आहे. भर पावसातल्या छाटणीचा हुकूम माझा होता. मंजुळाबाईंनी मला बजावलं होतं. माझा अहवाल खोटा होता.

त्या रानाच्या जागीही आता एक गोदाम आहे. कुंपणाच्या कोपऱ्यात ते एक झाड मात्र उभं आहे. परवा सविता आईचा कोयता घेऊन माझ्याबरोबर तिथे आली. मी कोयत्याची पाठ खोडावर मारली आणि त्यांच्यासारखा कान लावला. आवाज भरीव होता.

हे ज्यात छापून येईल तो अंक हाती आला की मी पाड्यावर जाऊन हे मोठ्याने वाचून दाखवणार आहे. त्यानंतर ज्यांना खात्री करायची असेल, त्यांनी माझ्यासोबत त्या झाडापर्यंत यावं. कोयता सविताकडे आहे.