टेलिफोनताईंची सात मिनिटं

टेलिफोनताईंचा कान तिखट. बावीस वर्षं एक्स्चेंजमध्ये हेडफोन लावून बसल्यावर दुसरं काय होणार? पलीकडचा माणूस नुसता खाकरला, तरी घरात पाळणा हललाय की कुणी गेलंय, हे त्यांना कळायचं. मग एक्स्चेंजच बंद पडलं. ताई चार महिने पांघरुणातून बाहेर आल्या नाहीत. शेवटी नणंदेनं दंडाला धरून मन सावरायला शिकवणाऱ्या एका वर्गात नेऊन बसवलं. श्वास, झोप, जेवण, चालणं, सगळं नव्यानं गिरवलं. आता ताई स्वतःच शिकवतात. नोकरी सुटलेले, जोडीदार गेलेले, घर मोडलेले, सगळे त्यांच्या पुढच्या खोलीत येतात.

"वहिनी, तुझ्याकडे माणसं रडत येतात नि जांभया देत जातात," नणंद म्हणायची.

त्या मंगळवारी लेथवाले आले, कारखान्यात लेथ मशीन चालवायचे ते. कारखान्याला टाळं लागून तीन महिने झाले होते. हातांना काम नाही म्हणून बसल्याबसल्या खुर्चीचे स्क्रू चाचपायचे. त्या दिवशी स्क्रूला हातही लावला नाही.

"ताई, छातीवर दगड ठेवलाय कुणीतरी."

हे वाक्य त्या खोलीत रोजचंच. भीतीला छातीसारखी ऐसपैस जागा दुसरी कुठली?

"डोळे मिटा. आत घ्या, चार मोजा. सोडा, आठ मोजा."

"आठपर्यंत पोचत नाही हो. पाचालाच चढ लागतो."

"पोचाल. घाई कुठंय?"

दुसऱ्याच मिनिटाला ताईंच्या कानाला काहीतरी खटकलं. श्वासाच्या शेवटी बारीक कण्हणं होतं. भीतीचा श्वास थरथरतो, कण्हत नाही. पण ताईंनी स्वतःच्याच कानाला गप्प केलं. म्हटलं, जुनी खोड आहे, जित्याची.

सातव्या मिनिटाला ताईंनी स्वतःचे मिटलेले डोळे उघडले, घड्याळ पाहिलं. डोक्यावर पंखा गरगरत होता आणि लेथवाल्यांच्या कपाळावरून घाम निथळत होता. ओठ राखेसारखे. डावा हात मांडीवर परक्याचा असल्यासारखा पडलेला.

ताई ताडकन उठल्या. "अगं, गाडी बोलाव! दवाखान्याची गाडी!" त्या नणंदेवर ओरडल्या. अख्ख्या आयुष्यात एवढ्या मोठ्यानं त्या कधी बोलल्या नव्हत्या.

दवाखान्याच्या बाकावर लेथवाल्यांची बायको येऊन बसली. पायांत दोन वेगळ्या चपला. तिनं ताईंचा हात घट्ट धरला. "तुमच्याकडे होते म्हणून बरं झालं, ताई."

गप्प राहिलं तर कुणाला काय कळणार होतं? घड्याळ फक्त ताईंनी पाहिलं होतं.

"वहिनी," ताई तिला म्हणाल्या, "सात मिनिटं मी त्यांना श्वास मोजायला लावला. आधीच गाडी बोलवायला हवी होती."

बायकोचा हात सुटला. ती समोरच्या बंद दाराकडे बघत राहिली.

"सकाळी मला म्हणाले, छाती जड झालीय," ती म्हणाली. "मी म्हटलं, घाबरट कुठले, ताईंकडे जा."

आत चाकाची खाट सरकली, कुणी धावलं, ट्रे आपटला. ताईंचा तिखट कान दाराला लागलेला. आता दारापलीकडून एकच आवाज यायला नको होता, रडण्याआधीच्या शांततेचा.

दार उघडलं. नर्स म्हणाली, "शुद्धीवर आलेत. धोका टळला म्हणता येणार नाही अजून, पण बोलतायत. विचारतात, आठ झाले का मोजून?"

बायको हसता हसता रडायला लागली. ताईंना दोन्ही जमेना. त्यांनी श्वास आत घेतला, आणि तो बाहेर कसा सोडायचा तेच आठवेना.