उपग्रहाला ऊन लागतं

डिशवाला कुणाच्याही गच्चीवर गेला, की एक डोळा मिटून आकाशात बोट दाखवायचा. "तो तिथे." तिथे कुणालाच काही दिसायचं नाही. पण ताटली त्या बोटाकडे वळवून नट आवळला, की खाली चित्र यायचं. वीस वर्षांत त्याचं बोट चुकलं नव्हतं.

घरात मात्र गेले तीन दिवस, भर दुपारी बाराला पाच कमी असताना, त्याच्या सासूबाईंच्या मालिकेतली सून बोलता बोलता चौकोनी तुकडे होऊन नाहीशी व्हायची.

"गल्लीभर डिश लावत फिरता, आणि घरचीच वाकडी," सासूबाई म्हणाल्या. "उद्या संध्याकाळी कोपऱ्यावरच्या त्या दुसऱ्याला बोलावते."

डिशवाल्याने हातातला पाना खाली ठेवला. त्या दुसऱ्याने नट सैल केला, की चित्र खरंच जाणार, आणि त्यामागून गल्लीतलं नावही.

"आई, डिश बरोबर आहे. या दिवसांत सूर्य रोज जरा वेळ नेमका उपग्रहाच्या मागे येतो. त्याच्या गोंगाटात उपग्रहाचं ऐकू येत नाही. आठवडाभराचा त्रास."

"मग उपग्रहाला बाजूला व्हायला काय होतं?"

"तो छत्तीस हजार किलोमीटरवरून पृथ्वीच्या जोडीने फिरतो. एका दिवसात एक फेरी. म्हणून आपल्याला जागच्या जागी वाटतो."

"म्हणजे तुमच्यासारखाच. दिवसभर फिरतो, आणि आहे तिथेच."

बायको भाजी चिरता चिरता हसली.

दुसऱ्या दिवशी तो सासूबाईंना गच्चीवर घेऊन गेला. ताटलीवरून उसळलेलं ऊन सरकत सरकत पुढच्या दांडीवरच्या, उपग्रहाचं ऐकणाऱ्या डबीच्या तोंडाशी गोळा झालं.

"आता जाईल बघा."

"अहो, गेलं," खालून बायको ओरडली.

सासूबाई त्या उजेडाच्या ठिपक्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ऊन लागतंय हो त्याला," आणि हातातली छत्री उघडून डिशवर धरली.

छत्री ऊन अडवते, सूर्याचा गोंगाट नाही, हे सांगायला त्याने तोंड उघडलं. घड्याळात पाहिलं. पाच-सात मिनिटांचाच प्रश्न होता. तोंड मिटलं.

"अहो, आलं."

"राहू दे तो दुसरा," सासूबाई म्हणाल्या. "डिश सरळच आहे तुमची. तिच्याकडे बघणारं कुणी नव्हतं, एवढंच."

तिसऱ्या दिवशी शेजारच्या चार गच्च्यांवर छत्र्या उघडल्या. डिशवाल्याने सासूबाईंसाठी खुर्ची वर नेऊन ठेवली, एक डोळा मिटला आणि आकाशात बोट दाखवलं.

"छत्री जरा डावीकडे, आई."