भिंतीवरचा लवकीचा वेल

आमच्या घरी भाजीची कामं वाटलेली आहेत. बाजारातून आणायची ह्यांनी, रांधायची मी, आणि मागच्या अंगणात लावायची दोघांनी. अमरावतीच्या इतवारा बाजारात गेले की हे अर्धा तास तरी वांगीच निवडत बसतात. हिरवी, पांढऱ्या रेघांची, हातात हलकी लागणारी. जड वांग्यात बिया असतात असं त्यांचं म्हणणं, आणि भरीत करताना ते खरंही ठरतं. मला मात्र पालेभाज्यांचा सोस. अंबाडी, चिवळ, कोवळा तरोटा. अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकर असली की मला दुसरं काही लागत नाही. अंगणात वांगी आहेत, मिरच्या आहेत, सांबार म्हणजे कोथिंबीर आहे, पावसाळ्यात टिंड्यासारखी गोल ढेमसं लावतो.

लवकी, म्हणजे दुधी भोपळा, आमच्याकडे कोणाच्याच आवडीचा नाही. तो आम्ही कधी लावला नव्हता. गेल्या पावसाळ्यात खताच्या खड्ड्याच्या कडेला तो आपोआप उगवला. ओल्या कचऱ्यात कुठलं तरी बी पडलं असेल. मी उपटून टाकणार होते, पण हे म्हणाले, राहू दे, पाहू तरी काय येतं. भाद्रपदापर्यंत वेल शेजारच्या भिंतीवर चढला आणि अर्धा पलीकडे उतरला.

भिंतीच्या पलीकडे आपा राहतात. आपा आणि त्यांचे मिस्टर, दोघंच. मुलींची लग्नं झालेली. आमच्यात भाजीची देवाणघेवाण कितीतरी वर्षांची आहे. आमची वांगी तिकडे जातात, त्यांचा पुदिना आणि लिंबं इकडे येतात. मधे भिंत आहे ती फक्त वाडगी ठेवायला, असं आपा म्हणतात.

त्याच सुमारास ह्यांच्या रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, चालायला सांगितलं. चालायला लागले तसे त्यांना चालणारे मित्र मिळाले, आणि त्या मित्रांनी लवकीचा रस सुचवला. सकाळी उपाशीपोटी एक पेला. साखर उतरते, हृदय साफ होतं, असं बरंच काही. आठवडाभर ह्यांनी बाजारची लवकी आणून रस घेतला. मग एका संध्याकाळी वेलावर हात फिरवून म्हणाले, "घरची असतानी विकतची कायले आनाची?"

त्या संध्याकाळी त्यांनी वेलाच्या पहिल्या तीन लवक्या तोडल्या. दिसायला नजर लागावी अशा. फिकट हिरव्या, लांब, नख लावलं की पाणी यावं इतक्या कोवळ्या. एक रसासाठी ठेवली. दोन भिंतीवरून आपांना दिल्या. आपा दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने अकोल्याला बहिणीकडे निघाल्या होत्या. भाचीची मंगनी, म्हणजे साखरपुडा होता. लवकी पाहून त्यांना आनंद झाला. म्हणाल्या, दालच्यात टाकायला बरं झालं, पाहुणे बरेच आहेत. दालचा म्हणजे त्यांच्याकडची डाळ, मटण आणि लवकीची आंबट आमटी. कार्यात मोठ्या डेगीत शिजते.

सकाळी मी उठून स्वयंपाकघरात आले तेव्हा मिक्सर धुऊन उपडा ठेवलेला होता. ह्यांनी स्वतःचा रस घेतला होता आणि माझ्यासाठी अर्धा पेला झाकून ठेवला होता. मी म्हटलं, आधी चहा होऊ द्या. ते पेपर घेऊन ओसरीत बसले.

चहा उकळायच्या आत पेपर खाली पडल्याचा आवाज आला. बाहेर गेले तर हे खुर्चीत वाकून बसलेले, दोन्ही हात पोटावर. कपाळ घामानं भिजलेलं. म्हणाले, पोटात आग पडली आहे. मोरीपर्यंत पोहोचायच्या आत उलटी झाली. मग दुसरी. मग मोजायचं भान राहिलं नाही. पाणी दिलं तेही उलटलं. शेवटी जे बाहेर आलं त्यात रक्त होतं.

मी शेजारी आपांना हाक मारायला वळले आणि आठवलं, ते दोघं पहाटेच निघाले आहेत. समोरच्या घरातल्या दादांनी ऑटो आणला. ऑटोत ह्यांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. हात बर्फासारखे गार पडले होते. मी त्यांच्याशी बोलत राहिले, काय बोलले ते आठवत नाही. ते एकदाच बोलले, "पानी दे," आणि माझ्याजवळ पाणी नव्हतं.

दवाखान्यात आधी सगळ्यांना हृदयाचंच वाटलं. साखर असलेला माणूस, घाम, ब्लडप्रेशर खाली गेलेलं. छातीला वायरी लावल्या. डॉक्टर तरुण होते, शांत होते. कागद पाहून म्हणाले, हृदय ठीक दिसतंय. मग मला विचारलं, सकाळपासून पोटात काय गेलं?

मी म्हटलं, काहीच नाही. चहासुद्धा नाही. नुसता लवकीचा रस.

डॉक्टरांची लिहिणारी पेन्सिल थांबली. ते ह्यांच्या कानाजवळ वाकले आणि मोठ्यानं विचारलं, "काका, रस कडू होता का?"

ह्यांनी डोळे न उघडता मान हलवली. म्हणाले, "लय कडू होता. आवळा टाकला, आलं टाकलं. औषध कडूच राह्यते म्हनून पेलो."

डॉक्टर मला बाजूला घेऊन बोलले. कडू लवकीत विष असतं. नुसती चव नव्हे, खरंच विष. अशी आपोआप उगवलेली वेल कधी कधी कडू निघते. त्यावर उतारा असं औषध नाही. सलाईन द्यायचं, रक्तस्राव थांबवायचा, ब्लडप्रेशर धरून ठेवायचं आणि वाट पाहायची. पुढचे दोन दिवस महत्त्वाचे आहेत असं ते म्हणाले. तेव्हा कुठे मला आपांना दिलेल्या दोन लवक्या आठवल्या.

मी एकच विचारलं. शिजवली तर चालते का?

"नाही. शिजवूनही विष जात नाही. काहून? अजून कोणी खाल्ली?"

मी त्यांना दालच्याचं सांगितलं. 

आपांना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. आपांचा फोन पिशवीच्या तळाशी असतो, हे मला माहीत आहे. त्यांच्या मिस्टरांचा नंबर माझ्याकडे नव्हता, आणि ह्यांच्या फोनमध्ये असला तरी तो फोन घरी ओसरीत राहिला होता. एकीकडे नर्स सह्या घ्यायला बोलावत होती. काचेपलीकडे ह्यांना आयसीयूत नेत होते. मी सही करत होते आणि दुसऱ्या हातानं फोन कानाला लावून उभी होते. मनात एक पंगत दिसत होती. लहान मुलं, म्हातारी माणसं, नवी सोयरीक, आणि मधोमध ती डेग.

माझं माहेर अकोल्याचं. धाकटा भाऊ तिथेच असतो. त्याला फोन केला. आधी भाऊजींचं सांगितलं, तो लगेच निघतो म्हणाला. मी म्हटलं, "इकडे येऊ नोको. आधी एक घर शोध."

पत्ता माझ्याजवळ नव्हताच. आपांच्या बोलण्यातून जेवढं ऐकलं होतं तेवढं सांगितलं. घर स्टेशनच्या अलीकडे आहे, खाली कापूस पिंजायचं आणि गाद्या भरायचं दुकान आहे, आणि आज घरात मंगनी आहे. भाऊ म्हणाला, "ताई, अकोल्यात गाद्यावाले का कमी आहेत?" पण निघाला.

पुढचा वेळ मी आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर काढला. दर थोड्या वेळानं आपांना फोन लावायचा. दार उघडलं की उठून उभं राहायचं. एकदा नर्स बाहेर आली आणि माझ्याकडे न पाहता धावत रक्ताची पिशवी घेऊन गेली. ती आमच्यासाठी होती की दुसऱ्या कोणासाठी, हे कळलं नाही, मी पुन्हा आपांना फोन लावला. मुलीला पुण्याला कळवलं. ती रडायला लागली तेव्हा मी तिला रागावले. मला माझाच धीर सुटेल अशी भीती होती.

अकोल्यात काय झालं ते मला नंतर भावानं आणि आपांनी सांगितलं. भावानं तीन गाद्यावाले पालथे घातले. चौथ्या ठिकाणी दुकान बंद होतं, पण वरच्या जिन्यावर चपलांचा ढीग होता. तो सरळ जिना चढून वर गेला. अनोळखी माणूस, घामानं निथळलेला, कार्यघरात शिरून विचारतोय, लवकी कुठे आहे. आपांच्या बहिणीच्या मिस्टरांनी त्याला दारातच अडवलं. त्यांना वाटलं, हा कोणी पिऊन आला आहे. भावानं आपांचा पत्ता सांगितला, आमची गल्ली सांगितली, भिंत सांगितली. तेव्हा आपा आतून आल्या.

दालचा तयार होता. डेग झाकून ठेवली होती आणि मुलाकडची माणसं हात धुवायला उठत होती. आपांनी फोन काढून पाहिला, त्यावर माझे फोनच फोन. त्यांनी मला लावला. माझा आवाज ऐकून त्यांना पुढचं विचारायची गरज पडली नाही. मी एवढंच म्हटलं, "आपा, हे आयसीयूत आहेत. त्या लवकीनं झालं. कोणाच्या पोटात गेली का?"

त्या म्हणाल्या, "अभी नाही. थांबा वहिनी, फोन ठेवू नोका."

फोन चालूच होता. मला तिकडचा गलका ऐकू येत होता. आपांची बहीण म्हणत होती की सगळ्यांनी सकाळपासून राबून केलेलं असं एका फोनवर कसं फेकायचं, चिंचेत आणि मसाल्यात काही कडू लागत नाही, मुलाकडचे काय म्हणतील. एक लवकी कापायची राहिली होती. आपांनी ती आणायला लावली. सुरीनं एक चकती काढली, जिभेला टेकवली आणि थुंकली. मग तीच चकती बहिणीपुढे धरली. बहिणीनं जीभ लावली. तिनंही थुंकलं.

डेग ओतायला बहिणीनंच सांगितलं. भाऊ सांगतो, दोघा माणसांनी उचलून मागच्या नालीत उपडी केली. पाहुण्यांना भात, मटणाचा रस्सा आणि दही वाढलं. मुलाकडच्या एका बाईनं मंगनीच्या दिवशी अन्न फेकणं बदशगुनी आहे असं म्हटलं. आपांची बहीण तिला म्हणाली, अन्न फेकलं, माणसं वाचली, हा शगुन तुम्हाला चालत नसेल तर तसं सांगा. मुलाच्या वडिलांनी विषय तिथेच मिटवला. मंगनी झाली.

मला हे कळलं तेव्हा मी बाकावरून उठले आणि भिंतीला हात टेकून उभी राहिले.  पण अर्धं ओझंच उतरलं होतं. बाकीचं अर्धं आत, काचेपलीकडे होतं.

दुसऱ्या दिवशी नळी घालून पोट पाहिलं. आतून भाजल्यासारखं झालं होतं, डॉक्टर म्हणाले. रक्त थांबलं होतं. ब्लडप्रेशर औषधांवर टिकून होतं, औषध कमी केलं की पुन्हा घसरत होतं. मला पाच मिनिटं आत सोडायचे. त्या पाच मिनिटांत हे एकच विचारायचे, "तू तर नाही ना पेली?" मी नाही म्हणायचे. थोड्या वेळानं पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी औषध बंद करूनही ब्लडप्रेशर टिकलं. त्या दिवशी त्यांनी तो प्रश्न विचारला नाही. पेपर मागितला.

घरी आल्यावर मी आधी मागे गेले. दुसऱ्या दिवशी आलेल्या माझ्या भावानं वेल मुळासकट काढून जाळला होता. भिंतीवर त्याच्या तंतूंचे ओरखडे तेवढे राहिले होते. ओट्यावर झाकून ठेवलेला माझा अर्धा पेलाही त्यानंच ओतून, पेलासुद्धा फेकून दिला होता.

आपा अकोल्याहून आल्या तेव्हा मला त्यांच्याकडे पाहवेना. आमच्या हातानं त्यांच्या कार्यात विष गेलं होतं. मी तसं म्हणायला सुरुवात केली तर त्यांनी मला थांबवलं. म्हणाल्या, "तुमी तिथं नवऱ्याच्या दारात उभ्या राहून आमची लेकरं आठवली. आता पुढचं बोलू नोका."

ह्यांच्या मनातलं मात्र जाईना. शरीर सावरलं, पण अंगणातली कुठलीही भाजी त्यांना खाववेना. वांग्याच्या भाजीचा घास तोंडाजवळ नेऊन परत ठेवायचे. बाजारची असली तरी तेच. वरण-भात आणि ताक, एवढ्यावर महिना काढला. वजन उतरलं. मी कधी समजावलं, कधी चिडले. ते म्हणायचे, "मी पेलो ते ठीक. पन त्या लेकरांच्या ताटात मी टाकलं असतं." 

एक दिवस त्यांनीच अकोल्याला जाऊ या म्हटलं. आपांच्या बहिणीला भेटून माफी मागायची होती. आपाही सोबत आल्या. गाद्यांच्या दुकानावरून जिना चढताना हे मधेच थांबले, कठड्याला धरून. मला वाटलं, आता परत फिरतात.

बहीण मोठ्या बाई, कमी बोलणाऱ्या. ह्यांनी हात जोडले तर त्यांनी नुसतं बसा म्हटलं. ह्यांनी पाठ करून आणलेलं सगळं बोलून टाकलं. त्या ऐकत राहिल्या. मग आत गेल्या आणि ताटं घेऊन आल्या. ढेमशाची भाजी होती, कोवळी, वरून सांबार टाकलेला. आम्ही शाकाहारी आहोत हे आपांनी कळवलेलं असावं. ताट पुढे आलं तसे ह्यांचे हात मांडीवरच राहिले. मी काही बोलणार, तेवढ्यात त्या बाई ह्यांच्या समोर जमिनीवर बसल्या. ह्यांच्या ताटातल्या पोळीचा तुकडा मोडला, त्यांच्याच भाजीत बुडवला आणि आमच्या सगळ्यांसमोर खाल्ला. सावकाश चावून गिळला. मग ताट हातानं थोडं पुढे सरकवलं.

हे बराच वेळ ताटाकडे पाहत होते. नंतर खाली मान घालून जेवायला लागले. मधे एकदा डोळे पुसले आणि भाजी आणखी मागितली. संध्याकाळच्या बसनं आम्ही अमरावतीला परत आलो. वाटेत मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा ते खाली उतरले आणि अंबाडीच्या दोन जुड्या घेऊन आले.